खस, ऊन आणि एक स्टर्लिंग इंजिन : नागपूरच्या उन्हाळ्यातल्या नोंदी

९ मार्च

दोन्ही इंजिनं एकदाची आली. एक वाफेचं, पितळी, उभ्या बॉयलरचं, ज्यात सिलिंडरच डोलतो ते ऑसिलेटिंग. दुसरं हॉट एअर, म्हणजे कमी तापमान-फरकावर चालणारं स्टर्लिंग, वर-खाली ॲल्युमिनियमच्या दोन तबकड्या, मधे ॲक्रिलिकची पारदर्शक कडी, आत फोमचा डिस्प्लेसर, वरती काचेच्या नळीत ग्रॅफाइटचा छोटा पिस्टन आणि एक पातळसं चाक. दोन्ही नवी कोरी.

वाफेचं तर चालवणारच आहे, पण ह्या नोंदी मुख्य करून दुसऱ्यासाठी सुरू करून राहिलो. हे इंजिन जिथे बघावं तिथे लोक गरम चहाच्या कपावर ठेवून दाखवतात, थंड देशात ते ठीक आहे, पण आपल्या नागपुरात मे महिन्यात बाहेर ४४-४५ डिग्री असतं, हवा ठणठणीत कोरडी, आणि प्रत्येक खिडकीत कूलर. कूलरची ओली ताटी बाहेरच्या हवेपेक्षा सहज १५-२० डिग्रीनं थंड असते. म्हणजे गरम बाजूही फुकट आणि थंड बाजूही पाण्याच्या भावात. विस्तव नको, बर्फ नको, लाईट नको. असं इंजिन अख्खा उन्हाळा चालवायचं आणि नीट मोजून लिहून ठेवायचं, एवढाच प्रकल्प.

१० मार्च

आधी कंपनीनं सांगितलंय तसंच चालवून पाहिलं. स्टीलच्या ग्लासात उकळतं पाणी, वर इंजिन, मिनिटभर थांबायचं आणि चाकाला बोटानं हलका धक्का. लगेच धरलं. मस्त फिरतं बाप्पा, आवाज जवळपास नाहीच.

ताईची पोरगी बाजूलाच होती. तिचा पहिला प्रश्न, "मामा, ह्यात पेट्रोल कुठून टाकायचं?" तिला जे सांगितलं तेच इथे लिहितो कारण पुढे सगळं त्याच्यावरच आहे. आत जी हवा आहे ती आतच अडकलेली, ती बाहेर जात नाही न् नवीन येत नाही. फोमची चकती, डिस्प्लेसर, ती काही ढकलत नाही, तिच्या कडेनं फट आहे, ती फक्त हवेची जागा बदलते. चकती वर गेली की हवा खाली येते, गरम तबकडीला लागते, फुगते, पिस्टन वर ढकलला जातो. चकती खाली आली की हवा वर जाते, थंड तबकडीला लागते, आकसते, पिस्टन खाली ओढला जातो. क्रँकवर, म्हणजे चाकाच्या वाकड्या दांड्यावर, डिस्प्लेसर हा पिस्टनच्या ९० डिग्रीच्या कोनानं पुढे ठेवलेला असतो, ते ९० डिग्री नसले तर चाक फिरणारच नाही, नुसतं झुलत राहील. मग तिनं विचारलं की खाली थंड न् वर गरम केलं तर? लाख मोलाचा प्रश्न. फ्रिजमधून बर्फाचा ट्रे काढून त्यावर ठेवलं, थोडं थांबलो, धक्का दिला, आणि ते उलट्या दिशेनं फिरायला लागलं. माझ्या प्रकल्पात गरम बाजू वरच राहणार आहे म्हणजे चाक कायम उलटंच फिरणार, हे पोट्टीनंच आधी बघून ठेवलं.

१६ मार्च

वेग कमी वाटत होता म्हणून चाकाच्या बेअरिंगकडे वळलो. नवीन बेअरिंगमधे कारखान्यातून ग्रीस भरून येतं, पंख्याला मोटरला ते ठीक, पण इथे ताकद इतकी किरकोळ आहे की ते ग्रीसच ब्रेक लावतं. दोन्ही बेअरिंग काढून पेट्रोलमधे बुडवून धुतली, वाळवली, कोरडीच परत बसवली. फरक बघण्यासारखा आहे, फुंकर मारली तरी चाक बराच वेळ फिरत राहतं. ग्रॅफाइटच्या पिस्टनला मात्र तेलाचा थेंबही दाखवायचा नाही, ग्रॅफाइट स्वतःच वंगण आहे आणि तेल लागलं की काचेला चिकटून बसतं. फक्त मऊ कोरड्या कपड्यानं नळी पुसायची. हे एवढं ज्याला पाळता येईल त्यानंच हे इंजिन घ्यावं असं माझं स्पष्ट मत.

२३ मार्च

आज वाफेचं. सकाळी लवकर गच्चीवर, ऊन चढायच्या आत. त्याचं कारण नुसती गर्मी नाही. स्पिरिटची ज्योत भर उन्हात दिसतच नाही, निळसर असते आणि उन्हात पूर्ण गायब, बर्नर पेटलाय की विझलाय ते कळत नाही आणि कुणी त्यात परत स्पिरिट ओतायला गेलं तर भडका. सावलीत किंवा सकाळीच चालवायचं, आणि बर्नर गार झाल्याशिवाय भरायचा नाही.

स्पिरिट पॉलिशवाल्याच्या दुकानातून आणलं. पाणी तीन चतुर्थांश भरलं, कोमट भरलं म्हणजे वेळ वाचतो. बर्नरमधे स्पिरिट मोजूनच घालायचं, इतकं की पाणी संपायच्या आधी स्पिरिट संपलं पाहिजे. खेळण्यातल्या बॉयलरची बरीचशी सुरक्षितता ह्या एका हिशोबावर उभी आहे. ह्या छोट्या बॉयलरचे काही जोड साध्या कथील-शिशाच्या डाकाचे, म्हणजे सोल्डरचे असतात, तो डाक १८३ डिग्रीच्या आसपास पातळ व्हायला लागतो. आत पाणी असेल तोवर दीड बार दाबाला वाफ १२७-१२८ डिग्रीच्या पुढे जात नाही म्हणून जोड शाबूत राहतो, पाणी संपलं की तळ क्षणात तापतो आणि डाक सुटतो. चांदीच्या झाळीचे बॉयलर असतात त्यांची झाळ ६०० डिग्रीच्या वर वितळते, ते जास्त सोसतात, तरी कोरडे जाळायचे नाहीतच.

सेफ्टी वॉल्व्हची दांडी आधी हातानं ओढून बघितली, स्प्रिंग मोकळी आहे. आजकाल नेटवर स्वस्तात जी पितळी इंजिनं मिळून राहिली त्यातल्या काहींना वॉल्व्हच्या जागी नुसता स्क्रू असतो, दिसायला लखलखीत, पण तसलं कुणी विकत घेतलंच तर पेटवायच्या आधी वॉल्व्ह बसवा. जर्मनीतलं विलेस्को १९५० पासून खेळण्यातली वाफेची इंजिनं बनवतं, इंग्लंडचं मॅमॉड १९३० च्या दशकापासून, ह्यांची साधी मॉडेलं सुद्धा वॉल्व्हशिवाय येत नाहीत. त्यांची किंमत न् वरची ड्युटी बघून जीव दचकतो हे खरं, पण काही पैसे कशाचे आहेत ते वॉल्व्हकडे बघितलं की कळतं.

इंजिन धडधडून चाललं. डोलणाऱ्या सिलिंडरमधे वेगळा वॉल्व्हच नसतो, सिलिंडरच्या पाठीला एक भोक, समोरच्या पितळी चेहऱ्यावर दोन भोकं, सिलिंडर इकडे झुकला की वाफ आत, तिकडे झुकला की बाहेर. मागे स्प्रिंग दाबून धरते. पोट्टी पूर्ण वेळ त्या दोन भोकांकडेच डोळे लावून बसली होती.

३० मार्च

आज कामाला हात लावला नाही, नुसतं वाचन. स्टर्लिंग हा स्कॉटलंडचा पाद्री, रॉबर्ट स्टर्लिंग, पेटंट १८१६ चं. भाऊ जेम्स इंजिनिअर, दोघांनी मिळून पुढे डंडीच्या एका फाउंड्रीत मोठं इंजिन चालवलं १८४० च्या दशकात. ते बंद पडलं ते कल्पना चूक होती म्हणून नाही, सारखं लालबुंद राहणारं गरम टोक त्या काळच्या बिडाला सोसलं नाही. म्हणजे दीडशे-पावणेदोनशे वर्षं सगळ्यांची धडपड गरम बाजू अजून गरम कशी करायची ह्याच्यासाठी. आणि मग १९८३ मधे झाग्रेबच्या इव्हो कोलिन नावाच्या प्राध्यापकानं उलटा विचार केला, की फरक थोडाच असू दे, तबकड्या मोठ्या करू, डिस्प्लेसरची उंची कमी करू. त्याचं इंजिन गरम पाण्यावर चाललं. अमेरिकेत जेम्स सेन्फ्टनं ते इतकं पुढे नेलं की त्याचं एक इंजिन अर्ध्या डिग्रीच्या फरकावर फिरलं. अर्धा डिग्री! माझ्या टेबलावरचं ह्याच खानदानातलं. त्याला अर्धा नाही, पण ७-८ डिग्री मिळाले की हे चालतं असं पाण्यानं तपासून काढलंय.

६ एप्रिल

थंड बाजूचं काम सुरू. विचार असा. खालच्या तबकडीला चिकटून एक जाड तांब्याची प्लेट, तिला खाली लोंबत्या तांब्याच्या पट्ट्या, पट्ट्यांना ओलं सुती कापड गुंडाळलेलं, कापडाची टोकं पाण्याच्या ताटलीत. वारा कापडावरून गेला की पाणी उडतं, उडताना उष्णता पट्टीतून ओढतं, पट्टी प्लेटमधून, प्लेट तबकडीमधून. तत्त्व माठाचंच. तांबं एवढ्यासाठी की उष्णता वाहून न्यायला ते ॲल्युमिनियमपेक्षा जवळजवळ दुपटीनं चांगलं.

तांब्याची पट्टी इतवारीतून वजनावर आणली. प्लेट मोमिनपुऱ्यातल्या लेथवाल्या चाचांकडे नेली, कारण ती एकदम सपाट पाहिजे, प्लेट आणि तबकडीमधे केसाएवढी जरी हवा राहिली तरी तिथेच फरक खाल्ला जातो. चाचांनी फेस मारून दिली आणि मधे विचारलं, ये किसमें लगेगा. इंजिन पिशवीतून काढून हाताच्या तळव्यावर ठेवून दाखवलं, नुसत्या हाताच्या गर्मीवर फिरतंय का बघायला. दुकानात कूलर चालू होता, वरची तबकडी चांगली गार झालेली, आणि हळूहळू फिरलं. चाचांनी लेथ बंद केलं आणि स्वतःच्या तळव्यावर घेऊन बघितलं. प्लेटच्या मजुरीचे पैसे घेतले, पण नंतर मागितलेला तांब्याचा एक रिव्हेट तसाच दिला.

पट्ट्या एल आकारात वाकवून रिव्हेट केल्या. लांबी ६ सेंटिमीटरच ठेवली, कापूस पाणी वर ओढतो पण फार उंच नाही, वरचा भाग कोरडा राहिला तर त्याचा उपयोग शून्य. प्लेट आणि तबकडीच्या मधे कॉम्प्युटरवाल्याकडची थर्मल पेस्ट. कापड म्हणून आजोबांचं जुनं मलमलचं धोतर, आजीनं विचारून मग दिलं.

१३ एप्रिल

पहिली खरी चाचणी. दुपारी तीन, मागच्या व्हरांड्यात सावलीत, हवा ४० डिग्री, आर्द्रतेचा मीटर २० टक्के दाखवतो. ह्या हवेत ओल्या कापडाचं तापमान जास्तीत जास्त २३ पर्यंत उतरू शकतं, हे ओल्या बल्बचं तापमान, वेधशाळेत कापड गुंडाळलेला थर्मामीटर असतो तेच. प्रत्यक्षात पट्टीचं टोक २५, खालची तबकडी २७, वरची ३८. फरक ११ डिग्री.

धक्का दिला. फिरलं. आणि फिरतच राहिलं.

मिनिटाला साधारण ४०-४५ फेरे. आजी, ताई, पोरगी, वरचे भाडेकरू काका सगळे येऊन बघून गेले. काकांनी खाली वाकून वायर शोधली, मग खाली पाणी बघून म्हणाले की म्हणजे हे पाणी पिऊन चालून राहिलं का. एका अर्थानं हो ना. ताटलीतलं पाणी खरंच कमी होत जातं.

मोजण्याबद्दल एक गोष्ट. बंदुकीसारखा जो लेझर थर्मामीटर असतो तो चकचकीत ॲल्युमिनियमवर भलतंच तापमान दाखवतो, कारण चकचकीत धातू स्वतःची उष्णता नीट फेकत नाही आणि आजूबाजूची परावर्तित करतो. तबकडीच्या कडेला काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा लावायचा, टेप तबकडीच्या तापमानाला येते आणि तिच्यावर नेम धरून वाचायचं. वरचे सगळे आकडे असे घेतलेत आणि मल्टिमीटरच्या थर्मोकपलनं पडताळलेत.

२० एप्रिल

वेग रोज थोडा थोडा कमी होत होता. कापड सोडवून बघितलं तर पट्ट्यांच्या वरच्या भागात पांढरी कडक पापडी. ताटलीत बोअरचं पाणी होतं आणि आमच्याकडचं बोअरचं पाणी भयंकर जड आहे, पाणी उडून जातं क्षार मागे राहतात, कापडाचे धागे भरून येतात आणि मग ते पाणी ओढत नाही. कूलरच्या ताट्या हंगामाच्या शेवटी दगडासारख्या होतात ते ह्याचमुळे. आता आरओचं पाणी वापरतोय, आणि कापड आठवड्याला लिंबाच्या पाण्यात भिजवून धुवायचं. वाफेच्या बॉयलरलाही हेच लागू, बोअरचं पाणी त्यात घालायचंच नाही, आत चुन्याचा थर बसला की तळ तापतो आणि पाणी उशिरा उकळतं.

४ मे

आता ऊन वापरायचं. वरची तबकडी काळ्या मॅट रंगानं रंगवली, इंजिन गच्चीवर, खालच्या भागाला थर्माकोलची छत्री करून पूर्ण सावली, फक्त वरची तबकडी उन्हात. हवा ४३. काळी तबकडी बघता बघता ६० च्या वर गेली. खालची ३० च्या आसपास, लू सुरू होती त्यामुळे कापडावरून वारा जोरात, म्हणजे एरवी ज्या लूनं माणसाचा जीव जातो ती इथे थंड बाजूला मदत करून राहिली. फरक ३० च्या वर.

वेग मिनिटाला १२० च्या पुढे, चाकाचे आरे दिसेनासे झाले. बघून अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत.

पण लू सोबत धूळही आणते. ग्रॅफाइटच्या नळीत बारीक कण गेला की पिस्टन कुरकुरतो आणि काचेवर ओरखडा पडायची भीती. जुन्या प्लॅस्टिकच्या बरणीचा वरचा भाग कापून नळीभोवती आडोसा केला, वारा खालून, धूळ वरून नाही. ॲक्रिलिकची कडी पण सांभाळायची, ती ८०-९० डिग्रीला मऊ व्हायला लागते, म्हणून वर काच ठेवून अजून तापवायचा मोह टाळायचा.

काकांनी आज विचारलं की ह्याच्यावर मोबाईल चार्ज होईल का. नाही होणार, आणि कारण सांगितलं. ३३३ केल्विन (म्हणजे ६० डिग्री) वर आणि ३०३ (३० डिग्री) खाली धरलं तर जगातलं आदर्शातलं आदर्श इंजिन सुद्धा मिळालेल्या उष्णतेच्या ९ टक्केच कामात बदलू शकतं, हा कार्नोचा नियम आहे, त्याच्या पलीकडे कुणीच जाऊ शकत नाही. ह्या छोट्या इंजिनात घर्षण, कडेनं गळणारी उष्णता, हे सगळं जाऊन एक टक्का पण हाती लागत नाही. पण स्वतःला फिरवत ठेवायला तेवढं पुरतं, आणि मला तेच बघायचं आहे.

११ मे

पोरीला घेऊन मोतीबागचं नॅरोगेज रेल्वे म्युझियम बघून आलो. २००२ साली सुरू झालेलं, बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळातल्या अडीच फुटी गेजच्या वस्तू आहेत. खऱ्या इंजिनाच्या सिलिंडरजवळ ती बराच वेळ उभी होती, मग म्हणाली ह्याचा सिलिंडर डोलत नाही. बरोबर. रेल्वेच्या इंजिनात सिलिंडर पक्का, वाफ सोडायला वेगळा सरकता वॉल्व्ह, आणि वाफ पिस्टनच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं. डोलता सिलिंडर खेळण्यातल्या लहान इंजिनाला सोयीचा, कारण त्यात जोडकाम कमी.

परतताना गांधीसागरवरून आलो. एम्प्रेस मॉल दिसला की मला तिथली मिलच दिसते, आमचे आजोबा तिथे होते. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल, १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, अख्खी गिरणी वाफेवर. आजोबा सांगायचे की इंजिन घरातल्या माणसांचे हात कायम तेलकट पण फरशी चकचकीत. त्या एवढ्या मोठ्या यंत्राची आणि माझ्या टेबलावरच्या पितळी खेळण्याची गोष्ट एकच आहे, पाणी उकळतं, जागा मागतं. हे पोरीला सांगितलं, तिनं मॉलकडे बघून विचारलं, मग ते इंजिन कुठं गेलं. ह्याचं उत्तर मला देता आलं नाही.

२५ मे

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला. सकाळी सात वाजता इंजिन व्हरांड्यात सुरू केलं, सावलीतच, ऊन न वापरता, बघायचं होतं की दिवसभर आपलं आपण चालतं का. मधे फक्त ताटलीत पाणी घातलं.

सकाळी हवा ३२, खालची तबकडी २३, हळू. दहा वाजता ३९ आणि २५. दुपारी तीन वाजता ४५ आणि आर्द्रता १५ टक्क्यांवर, खालची २८, वरची ४२, एकदम जोशात. संध्याकाळी सात वाजता परत ३८ आणि २५.

रात्री झोपताना थांबवायला गेलो. दहा वाजले होते, बाहेर हवा ३१, ऊन नाही, लू पडलेली, मला वाटलं होतं एव्हाना थांबलं असेल. थांबलेलं नव्हतं. संथ, पण फिरून राहिलं होतं. खालची तबकडी २१. फरक ९ च्या आसपास.

तिथेच खुर्ची ओढून बसलो, कारण हे महत्त्वाचं आहे. इतके दिवस आपण म्हणतो की हे इंजिन नागपूरच्या उन्हावर चालतं, गर्मीवर चालतं. ते पूर्ण खरं नाही. रात्री गर्मी नव्हती तरी चाललं. हे इंजिन कोरड्या हवेवर चालतं. हवेला पाण्याची जी तहान आहे ती ह्याचं इंधन. गर्मी असली आणि हवा दमट असली तर काहीच मिळणार नाही. मुंबईत मे महिन्यात ३३-३४ डिग्री असतंच की, पण आर्द्रता ७० टक्क्यांजवळ, तिथे ओलं कापड २८ च्या खाली उतरतच नाही, तबकड्यांमधे दोन-तीन डिग्री मिळाले तरी नशीब. तिथे कूलर कुणी लावत नाही आणि हे इंजिनही तिथे फिरणार नाही. आपल्या विदर्भाची जी हवा सगळ्यांना नकोशी वाटते, ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, तिच्यात इतकी ताकद आहे की ती विस्तवाशिवाय चाक फिरवते. हे मला मनापासून भारी वाटतं आणि ते मी भेटेल त्याला सांगून राहिलो.

२ जून

नवतपा संपला. रोज चालवलं. ग्रॅफाइट पिस्टन एकदाच काढून पुसला. कापड बदललं. सांगण्यासारखं एवढंच की मलमलऐवजी खस लावून बघितली, वास सुंदर येतो, वाळ्याच्या मुळ्या वारा छान जाऊ देतात, पण पट्टीला घट्ट चिकटत नाहीत त्यामुळे पट्टी मलमलइतकी गार होत नाही. शेवटी आत मलमल आणि बाहेर खसचा पातळ थर, असं ठेवलं. गार किती होतं त्यात फरक नाही, पण धूळ खसमधे अडकते आणि मलमल जास्त दिवस स्वच्छ राहते, हा खरा फायदा.

१६ जून

पाऊस आला. सकाळपासून भुरभुर, हवा ३० आणि आर्द्रता ८० च्या वर. ओलं कापड २७-२८. धक्का दिला, दोन फेरे मारून थांबलं. अपेक्षित होतं. २५ मेला रात्री जे वाटलं होतं त्याचा हा उलट बाजूचा पुरावा, म्हणून आकडे व्यवस्थित लिहून ठेवले. तांब्याची प्लेट सोडवून, पेस्ट पुसून, इंजिन कोरडं करून डब्यात सिलिकाच्या पुडीसोबत ठेवलं, ॲल्युमिनियमला आणि बेअरिंगला दमट हवा मानवत नाही.

२२ जून

आता वाफेची पाळी. पावसाळ्यात वाफेचं इंजिन चालवण्यासारखी मजा नाही, हवा दमट असली की सिलिंडरमधून बाहेर पडणारी वाफ पांढरीशुभ्र दिसते, उन्हाळ्यात ती बाहेर पडल्या पडल्या गायब व्हायची. पोट्टीनं हे आधी दाखवलं, की मामा आज धूर जास्त आहे. धूर नाही, पण बरोबर बघितलं तिनं.

तिची फर्माईश अशी आहे की तान्हा पोळ्याला तिचा लाकडी नंदी ह्या इंजिनानं ओढला पाहिजे. बाकीची पोरं दोरीनं ओढतील, हिचा वाफेवर. मला पटलं. हिशोब करून ठेवला. इंजिन भार पडल्यावर मिनिटाला हजारेक फेरे देतं. नंदीच्या गाडीचं चाक ५ सेंटिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात पावणेसोळा सेंटिमीटर. अगदी सावकाश, सेकंदाला १० सेंटिमीटर धरलं, तर चाकाचे मिनिटाला ३८ फेरे पाहिजेत. हजाराचे ३८ म्हणजे साधारण २६ पट घट. एका पट्ट्यात होणार नाही, दोन टप्पे, प्रत्येकी ५ पट, म्हणजे २५. पुरे.

बॉयलर नंदीच्या पाठीवर नाही, पुढे वेगळ्या पत्र्याच्या गाडीवर, भोवती जाळी, म्हणजे कुणाचा हात लागणार नाही. रस्त्यावर स्पिरिट नको, हेंदकाळून सांडलं तर पेटतं, त्यामुळे हेक्झामिनच्या घन गोळ्या, ट्रेकिंगवाल्यांकडे मिळतात.

पुल्यांचं चित्र घेऊन चाचांकडे गेलो. त्यांनी पितळेचा तुकडा शोधला, चित्र बघितलं आणि म्हणाले, "छेद ड्रिल से मत करवाना, रीमर मारना पड़ता, नहीं तो पुली डोलेगी." रीमर म्हणजे भोक अचूक न् गुळगुळीत करायचं हत्यार, ते मारूनच करायला सांगितलं. मोठ्या दोन पुल्या ५० मिलिमीटरच्या, लहान दोन १० च्या, सोमवारी देणार आहेत. पट्ट्यासाठी कॅसेट प्लेअरचे रबर बेल्ट बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, शोधायचे आहेत.